कपाटातून कपाटापर्यंत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या नव्या उपकरणांची ओळख करून देणारा मजकूर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर आता रोज दिसतो. त्यातला एक ठरलेला प्रसंग असा: सोललेला कांदा भांड्यात पडतो, दोरी चार वेळा ओढली जाते आणि आठ सेकंदांत कांदा बारीक. हे आठ सेकंद खरेच असतात. गोम आहे ती घड्याळ कुठे सुरू केले आणि कुठे थांबवले यात. वस्तू कपाटातून काढायची, भाग जोडायचे, भाजी तिच्या मापाची करून घ्यायची, काम झाले की भाग सुटे करून घासायचे, वाळवायचे आणि पुन्हा कपाटात जागा करून ठेवायचे, हा सगळा वेळ मोजा. या कपाटातून कपाटापर्यंतच्या शर्यतीत जी उपकरणे हरतात, तीच पुढे धूळ खात पडतात. या एकाच मापाने काही उपकरणे तपासून पाहावीत म्हणून हे पत्र.

दोरीचा चॉपर आधी घेऊ, कारण बाकीच्या बहुतेक उपकरणांचे दोष त्यात एकत्र सापडतात. झाकण उघडले तर आत प्लास्टिकची चकती, तिच्यावर गुंडाळलेली दोरी आणि ती परत ओढून घेणारी, घड्याळातल्यासारखी सपाट गुंडाळीची स्प्रिंग. खाली दांड्यावर दोन-तीन पाती, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. कांदा चिरताना बारीक झालेले तुकडे तळाशी बसतात आणि सर्वांत खालचे पाते त्यांनाच पुन्हा पुन्हा कापत राहते. मोठे तुकडे मात्र बाहेर फेकले जाऊन भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि वरच राहतात. त्यांच्यासाठी आणखी दोन हिसके द्यावेत, तर तळाचा लगदा होतो. हा लगदा नुसता डोळ्यांनाच खटकतो असे नाही. ठेचलेल्या कांद्यातून पाणी सुटते, ते आटेपर्यंत कांद्याचे तापमान शंभर अंशांच्या वर फारसे जात नाही, आणि तांबूस रंग यायला तर साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचावे लागते. चिरताना वाचलेली दोन मिनिटे परतताना जातात, वर तेल उडते ते वेगळेच.

दोरी तुटते ती बहुतेक वेळा झाकणाच्या भोकाशी. ओढताना हात वर किंवा बाजूला गेला की दोरी भोकाच्या कडेवर घासते आणि तिचे तंतू एकेक सुटत जातात. झाकण पाण्यात बुडवून धुतले की पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचते, तिथून ते वाळत नाही, स्प्रिंग गंजते आणि दोरी अर्धी बाहेर लोंबकळत राहते. पाती आखूड, वाकवलेली, दांड्यात कायमची बसवलेली. त्यांना घरी धार लावणे अवघड. ज्यांच्याकडे हा चॉपर आहेच त्यांनी कांद्याचे आठ तुकडे करावेत, भांडे अर्ध्याच्या वर भरू नये, दोरी भोकाच्या सरळ रेषेत, आडवी ओढावी, आखूड हिसके द्यावेत आणि दर तीन-चार हिसक्यांनी भिंतीचे तुकडे चमच्याने खाली ढकलावेत. झाकण ओल्या फडक्याने नुसते पुसावे. यावर कुणी विचारेल, की कांद्याचे आठ तुकडे सुरीने केल्यावर मग उरले काय? उरते ते पाव मिनिटाचे काम, आणि त्यासाठी घासायची तीन भांडी.

जाळीवर भाजी ठेवून वरून झाकण दाबायचे, की खाली एकसारखे चौकोनी तुकडे पडतात, त्या डाइसरची अडचण निराळी आहे. समजा जाळी आठ सेंटीमीटर चौरस आहे आणि पाती एकेका सेंटीमीटरवर बसवली आहेत. दोन्ही दिशांची मिळून चौदा पाती झाली, म्हणजे एक मीटरहून जास्त लांबीची धार. भाजी जाळीभर असेल तर ती सगळीच्या सगळी एकाच वेळी भाजीत घुसवायची, तीही सरळ दाबून. सुरी एका वेळी दोन-चार सेंटीमीटर कापते आणि पुढे-मागे सरकत कापते, म्हणून तिला जोर लागत नाही. दोरखंड करवतीने कापणे आणि त्यावर करवत नुसती दाबणे यात जो फरक, तोच इथे. शिवाय गाजर किंवा कच्चा बटाटा पात्यांच्या मधल्या चौकोनात आवळला जातो, त्याला आकसायला जागा नसते. मग झाकणावर दोन्ही हातांनी भार टाकला जातो आणि तो सगळा भार झेलते ती प्लास्टिकची बिजागरी. तुटते तीच. तुकडे जितके बारीक हवेत तितकी पाती जास्त, आणि जितकी पाती जास्त तितका जोर जास्त. सहा मिलिमीटरची जाळी म्हणूनच डब्यात नवीकोरी राहते. पिकलेला टोमॅटो या जाळीवर चिरला न जाता चेंगरतो. वर झाकणाच्या खिळ्यांमध्ये अडकलेले तंतू काढायला एक प्लास्टिकचा कंगवा देतात, तो पहिल्याच महिन्यात हरवतो.

या दोन्ही वस्तू ज्या कारणासाठी घेतल्या जातात ते कारण मात्र खरे आहे: घरातली सुरी कापत नाही. बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते, कांद्याला चिरडते, डोळ्यांत पाणी जास्त आणते आणि बोटही जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटला की थांबवता येत नाही. तेव्हा चॉपरच्या आधी सुरीवर पैसे घालावेत. आठ इंची म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर पात्याची एक, सोलण्या-कोरण्यासाठी तीन-साडेतीन इंची एक आणि पाव कापत असाल तर दातेरी एक. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या पंधरा सुऱ्यांच्या संचात याच तीन कामाच्या असतात. बाकीच्या बारा ठोकळ्याची भोके भरायला.

कांदा सुरीने चिरण्याची पद्धत ठाऊक नसेल तर ती एवढीच आहे. बोर्डाखाली ओले फडके घाला म्हणजे तो सरकणार नाही. कांदा मुळाच्या बाजूने उभा दोन भागांत कापा, मूळ काढू नका, साल काढा. सपाट बाजू खाली ठेवून मुळापासून बोटभर अंतर सोडून उभे काप द्या. मुळाशी सगळे पापुद्रे धरलेले राहतात, कांदा विस्कटत नाही. मग आडवे काप देत मुळाकडे या, की चौकोनी तुकडे आपोआप सुटतात. काही जण मधे एक काप बोर्डाला समांतर देतात. कांदा मुळात पापुद्र्यांचा असल्याने त्याची फारशी गरज नसते आणि बोट कापते ते बहुतेक तिथेच. सवय झाली की एका कांद्याला अर्धे मिनिट लागते आणि धुवायला एक सुरी, एक बोर्ड.

धार लावण्यासाठी दोन खाचांतून सुरी ओढायचे जे छोटे उपकरण मिळते, ते शक्यतो टाळावे. त्यातल्या कठीण धातूच्या पट्ट्या इंग्रजी व्ही आकारात बसवलेल्या असतात आणि त्या धारेचे पोलाद ओरबाडून काढतात. उपकरणाखाली पांढरा कागद धरला तर धातूचे बारीक कीस पडलेले दिसतात. सुरी त्या दिवशी कापते, कारण धार करवतीसारखी खडबडीत झालेली असते. थोड्या दिवसांत ते दाते मोडतात, पुन्हा ओढावी लागते, आणि असे करत पाते मुठीजवळ खोलगट होऊन बोर्डावर पूर्ण टेकेनासे होते. त्यापेक्षा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) धारेचा दगड घ्यावा. पाणी पिणारा दगड असेल तर बुडबुडे येणे थांबेपर्यंत भिजवावा, ओल्या फडक्यावर ठेवावा. आठ इंची सुरीचे पाते साधारण साडेचार सेंटीमीटर रुंद असते; तिची पाठ दगडापासून १२ ते १५ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीच्या जाडीएवढी उचलली की १५ ते २० अंशांचा कोन मिळतो. हा कोन न बदलता मुठीपासून टोकापर्यंत घासत जायचे. किती वेळ, ते बोट सांगते: वरच्या बाजूने बोट पाठीकडून धारेकडे आणि तसेच पलीकडे अलगद फिरवले की कडेला बारीक खरखर लागते. दगडावर घासले जाणारे पोलाद वरच्या बाजूला दुमडून उभे राहते, ती ही खरखर. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली की सुरी उलटायची. दुसऱ्या बाजूलाही तेच झाले की अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून घासून ती मोडायची. खरखर न येताच सुरी उलटणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तासभर घासूनही मग सुरी कापत नाही आणि दोष दगडाला मिळतो. एवढी मेहनत घेतल्यावर काचेच्या किंवा दगडी बोर्डावर मात्र चिरू नये. दिसायला देखणे, पुसायला सोपे, पण दोन दिवसांत धार घालवतात. लाकूड किंवा साधे प्लास्टिकच बरे.

एकेका कामाची एकेक वस्तू, या प्रकाराबद्दल फार लिहायला नको. केळ्याचे काप करणारी जाळी, स्ट्रॉबेरीचा देठ काढणारा चिमटा, कोथिंबिरीसाठी पाच पात्यांची कात्री. कात्रीचे तेवढे सांगतो: पाच पात्यांच्या मधल्या फटींत ओला पाला अडकतो, तो काढायला सुईसारखे काहीतरी लागते आणि पाला कापला जाण्याऐवजी चुरगळून काळा पडतो. लसूण दाबायचा प्रेस मात्र सरसकट वाईट म्हणता येणार नाही. लसणीच्या पेशी जितक्या जास्त फुटतात तितका ॲलिसिन हा झणझणीत घटक जास्त तयार होतो, म्हणून दाबलेली लसूण चिरलेल्या लसणीपेक्षा तिखट लागते. ज्यांना ते हवे आहे त्यांनी जाळी उघडून पालथी करता येईल असा प्रेस घ्यावा आणि वापरल्या वापरल्या पाण्याखाली धरावा. दहा मिनिटे वाळू दिला तर भोके टोकदार काडीनेच मोकळी करावी लागतात. हाताचा लसणीचा वास घालवणारा स्टीलचा ‘साबण’ही विकला जातो. ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांनी घरातल्या चमच्यावर हात चोळावेत, तोही स्टीलचाच असतो.

गोठवलेले पदार्थ ‘विजेशिवाय’ वितळवणारा जादूचा काळा ट्रे म्हणजे ॲल्युमिनियमची जाड पाटी. तो काम करतो हे खरे, पण ते काम ॲल्युमिनियमचे आहे. हा धातू स्टेनलेस स्टीलच्या साधारण पंधरा पट वेगाने उष्णता वाहून नेतो आणि हवेतली, ओट्यातली ऊब पदार्थाला पोचवतो. घरात ॲल्युमिनियमचा जाड तवा किंवा पातेले असेल तर ते पालथे घालून त्यावर पदार्थ ठेवा, परिणाम तोच. त्याहून लवकर हवे असेल तर पदार्थ पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदला.

अंडी उकडायचे विजेचे यंत्र रचनेने मोठे हुशार आहे आणि तरीही बहुतेकांना नको असते. त्यात टायमर नसतो. तापणाऱ्या थाळीवर मोजून पाणी ओतायचे. ते वाफ होऊन संपले की थाळी शंभर अंशांच्या वर जाते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो किंवा भोंगा वाजतो. म्हणजे पाणी हेच घड्याळ. त्यामुळे सोबतच्या मापावर एक गंमत दिसते: अंडी जास्त असतील तर पाणी कमी घालायचे. कारण थंड अंड्यांवर वाफ गार होऊन थेंब परत थाळीवर गळतात आणि तेच पाणी पुन्हा उकळते. बिघाडही इथूनच येतो. ते माप हरवले की यंत्र निकामी, कारण अंदाजाने घातलेल्या पाण्याला अंदाजाचेच अंडे मिळते. थाळीवर क्षारांचा पांढरा थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि थाळी वेळेआधीच तापून यंत्र बंद पडू लागते. त्यावर व्हिनेगर आणि पाणी घालून थोडा वेळ ठेवून पुसावे. पण झाकणाच्या पातेल्यात बोटभर पाणी उकळवून फ्रीजमधली अंडी त्या वाफेवर ठेवली, तर साधारण सहा-सात मिनिटांत पातळ बलकाची आणि बारा मिनिटांत घट्ट बलकाची होतात. लगेच गार पाण्यात टाकावीत.

मोटर असलेल्या उपकरणांत ग्राहक वॅट बघतो आणि तिथेच फसतो. खोक्यावरचा आकडा हा मोटर वीज किती घेते याचा असतो. पात्यावर जोर किती पडतो याचा नव्हे. जास्त वॅटची मोटर नुसती जास्त तापतही असेल. त्याऐवजी उपकरणाच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचावी. सलग किती मिनिटे चालवायचे आणि नंतर किती विश्रांती द्यायची, ते तिथे किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते. हातात धरून वापरायच्या ब्लेंडरला अनेकदा सलग एकच मिनिट मंजूर असते. घट्ट पदार्थात तो तीन मिनिटे दाबून धरला की वार्निश जळाल्याचा वास येतो. तो वास म्हणजे मोटरच्या तारांचे वेष्टण. मिक्सर मधेच थांबला तर घाबरून दुरुस्तीला नेण्याआधी बुडाशी लाल बटण आहे का पाहावे. भार जास्त झाला की ते बाहेर येते. भांड्यातला जिन्नस कमी करून, दहा-पंधरा मिनिटे गार होऊ देऊन ते दाबले की बहुधा काम चालू होते.

हमीचाही असाच घोळ. ‘मोटरवर पाच वर्षे’ असे ठळक छापलेले असते, पण घरगुती वापरात आधी जाते ते दुसरेच: भांडे आणि मोटर यांना जोडणारा रबराचा किंवा प्लास्टिकचा कपलर, झाकणाची रिंग, पात्याखालचे सील, सुरक्षा कुलपाचा प्लास्टिकचा दात. कपलर मुद्दाम मऊ केलेला असतो, पाते अडकले तर तो झिजावा आणि मोटर वाचावी म्हणून. तो झिजणे हा दोष नाही. तो सुटा मिळत नसणे हा दोष आहे. दाताचे तर आणखी वाईट. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा मोडतो आणि झाकण बंद असूनही उपकरणाला ते उघडेच वाटते, म्हणून ते सुरूच होत नाही. बाकी सगळे ठणठणीत असलेले उपकरण त्या तुकड्यापायी भंगारात जाते. खरेदीपूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: याचा कपलर, रिंग आणि भांडे सुटे मिळते का? उत्तर देताना त्याला फार आठवावे लागले तर वस्तू परत ठेवावी.

ज्यूसरच्या बाबतीत जाहिरातीतला एक दावा गणिताने तपासता येतो. वेगाने फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये रस तापतो आणि त्यातले सत्त्व मरते, म्हणून मिनिटाला चाळीस ते शंभर फेऱ्यांचा मंद ज्यूसर घ्या, असे सांगितले जाते. आठशे वॅटची मोटर अर्धा मिनिट चालली तर २४ हजार ज्यूल ऊर्जा खर्च होते. ती सगळीच्या सगळी अर्ध्या किलो रसात गेली असे धरले, तरी रस साडेअकरा अंशांनी तापेल. २० अंशांचा रस ३१–३२ अंशांवर जाईल. उन्हाच्या दिवसात खोलीच त्याहून गरम असते. प्रत्यक्षात बरीचशी ऊर्जा मोटरमध्येच राहते. वेगवान ज्यूसरमध्ये हवा जास्त मिसळते, फेस येतो, रस लवकर काळवंडतो, हे खरे. आणि पालेभाज्यांचा रस मंद ज्यूसरमध्ये जास्त निघतो, हेही खरे. पण दोन्हीकडे जाळी असते आणि ती चोथा वाळायच्या आत ब्रशने घासली नाही तर भोके बुजतात, पुढच्या वेळी रस चोथ्याबरोबर बाहेर पडतो. मंद ज्यूसरचे सहा ते आठ भाग धुवायचे असतात. एका पेल्यासाठी.

अमेरिकेतल्या ज्यूसेरो या कंपनीचे २०१६ साली आलेले यंत्र या जातीचा कळस म्हणावे लागेल. वाय-फायला जोडलेले, कंपनीच्याच पिशव्यांतली चिरलेली फळे-भाज्या दाबून रस काढणारे. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी त्याच पिशव्या नुसत्या हातांनी पिळून दाखवल्या. रस जवळपास तितकाच निघाला. सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. लोक हसले ते यंत्राला, पण त्यातले नेमके शिकण्यासारखे पिशव्यांत होते. यंत्र एकदाच विकले जाते, पिशवी रोज. कॉफीच्या कॅप्सूलचे, म्हणजे एका कपापुरती कॉफी भरलेल्या बंद डबीचे, यंत्र अगदी याच तत्त्वावर चालते. एका कॅप्सूलमध्ये साधारण पाच ते सात ग्रॅम कॉफी असते. म्हणजे एक किलो कॉफी प्यायला दीडशे ते दोनशे कॅप्सूल. एका कॅप्सूलच्या किमतीला दीडशेने गुणावे आणि येणारा आकडा सुट्या कॉफीच्या किलोच्या भावाशेजारी लिहून पाहावा. यंत्र कितीला मिळाले हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही.

पिशवीतली हवा काढून सील करणाऱ्या यंत्राची पिशवीसुद्धा खास लागते, साधी चालत नाही, कारण खाचा असलेल्या पिशवीतूनच हवा बाहेर ओढली जाते. ओला पदार्थ असला तर हवेबरोबर रस वर चढतो, सीलच्या पट्टीवर येतो आणि तिथे प्लास्टिक एकजीव होत नाही. पदार्थ आधी दोन तास गोठवून मग सील करावा. इथे एक धोकाही आहे आणि तो जाहिरातीत सहसा नसतो. हवा काढली म्हणजे पदार्थ टिकला असे नव्हे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जंतू ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो. शिजवलेला पदार्थ हवाबंद करून ओट्यावर ठेवणे हे उघडा ठेवण्याहून वाईट ठरू शकते. फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने साठवण करणाऱ्यांना हे यंत्र उपयोगी आहे. इतरांनी झिपची पिशवी तोंड उघडे ठेवून हळूहळू पाण्यात उतरवावी. पाण्याच्या दाबाने हवा वर निघते, मग झिप लावावी.

एअर फ्रायरला या यादीत बसवताना हात आखडतो. फिलिप्सने २०१० मध्ये हे नाव बाजारात आणले. ते तळण्याचे यंत्र नाही, पंखा लावलेली लहान भट्टी आहे. ज्यांच्याकडे पंख्याची भट्टी आहे त्यांनी तेच यंत्र दुसऱ्यांदा विकत घेऊ नये. ज्यांच्याकडे नाही आणि घरात माणसे एक-दोनच आहेत, त्यांना ते उपयोगी पडते, कारण लवकर तापते. फसगत लिटरमध्ये होते. गरम हवा प्रत्येक तुकड्याभोवती खेळायला हवी, म्हणून पदार्थ एकाच थरात पसरावा लागतो आणि मग उंचीचा उपयोग राहत नाही. वीस सेंटीमीटर चौरस टोपलीचा तळ ४०० चौरस सेंटीमीटर, तर तीस बाय चाळीसच्या ट्रेचा १२००. चौघांसाठी तीन घाणे काढावे लागतात आणि पहिला गार होईतो तिसरा तयार होतो. पातळ पिठात बुडवलेले पदार्थ त्यात होत नाहीत, कारण गरम तेल पिठाला क्षणात धरते आणि हवा धरत नाही; पीठ जाळीतून गळते, पंख्याने उडते आणि वरच्या कॉइलवर जळते.

टोपलीवरच्या लेपाबद्दल जाता जाता. ‘ग्रॅनाइट’, ‘स्टोन’, ‘मार्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यांत दगड नसतो. बहुतेकांत नेहमीचाच नॉनस्टिक लेप असतो, ठिपके तेवढे घातलेले. हा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोचतो. भांडे कोणत्याही नावाचे घ्या, ते एक दिवस टाकायचेच आहे हे धरून घ्या आणि रिकामे तापवू नका.

विजेचा प्रेशर कुकर वाईट वस्तू नाही, फक्त पडद्यावरचा आकडा अर्धवट असतो. ‘३० मिनिटे’ ही दाब आल्यानंतरची. दाब यायला दहा-पंधरा मिनिटे आणि आपोआप उतरायला तितकीच किंवा जास्त. त्यात अनेक यंत्रांचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतो. १५ पौंडाच्या दाबाला पाणी १२१ अंशांवर उकळते, यांच्या सुमारे १० पौंडाला ११५ वर. गॅसवरच्या कुकरच्या वेळा इथे लावल्या तर पदार्थ कच्चा राहतो. झाकणाच्या सिलिकॉन रिंगमध्ये वास मुरतात. तिखट आणि गोड पदार्थांसाठी दोन रिंगा ठेवाव्यात.

पैसे वसूल होतात अशाही वस्तू आहेत आणि त्या क्वचितच जाहिरातीत दिसतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा त्यात पहिला. एकाच कपात पीठ अलगद भरले तर १२० ग्रॅम बसते, दाबून भरले तर १५०. बिघडलेल्या केकचे खापर भट्टीवर फुटते आणि चूक कपाची असते. काटा बरोबर आहे का, ते १०० मिलिलिटर पाण्याने कळते. दुसरा खुपसायचा थर्मामीटर: बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात शून्य दाखवायला हवा, कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४. तिसरे, वाय आकाराचे साधे सोलाणे. कपाटातून कपाटापर्यंत यांना काही सेकंद लागतात, सुटे करायला भाग नाहीत, पुसले की झाले.

जपानमध्ये केन्जी कावाकामी यांनी ‘चिंदोगु’ नावाचा प्रकार रूढ केला: एखादी अडचण खरोखर सोडवणाऱ्या, पण वापरायला हास्यास्पद अशा वस्तू मुद्दाम बनवायच्या. नूडल्स गार करण्यासाठी काड्यांना बसवलेला छोटा पंखा ही त्यातली एक. त्या कलेचा एक नियम असा की चिंदोगु विकायची नसते. आपल्याकडे दिसणाऱ्या बऱ्याच उपकरणांना फक्त हाच नियम लागू व्हायचा राहिला आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की उपकरणांविषयी मजकूर छापताना चार गोष्टी त्यात असाव्यात: धुवायचे भाग किती, सलग चालवायची मुदत किती, झिजणारे भाग सुटे मिळतात की नाही, आणि ओट्यावर व कपाटात जागा किती लागते. ‘आठ सेकंदांत’ हे त्यानंतर छापले तरी हरकत नाही.

आणि वाचकांसाठी, आजच करण्यासारखे: कपाटात पडून असलेली सेलवर चालणारी मिरपूड-दळणी, दूध घुसळणी, साल-काढणी बाहेर काढून त्यातले सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळले की त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड आतल्या धातूच्या पट्ट्या खाते आणि पांढरा खरबरीत थर जमतो. तो जमलाच असेल तर हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याला थेंबभर व्हिनेगर लावा, पट्ट्या पुसा, मग ओल्या आणि नंतर कोरड्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.

आपला,
एक वाचक